सहल आणि शर्यत एकाच बोटीवर: नाशिकहून शिडाची बोट निवडताना

नाशिकच्या माणसाने शिडाची बोट घ्यायची म्हटले की समोरचा हमखास विचारतो, "ठेवणार कुठे, गंगापूर धरणात?" प्रश्न चेष्टेचा असला तरी निवडीची सुरुवात त्याच प्रश्नापासून करावी लागते. खोल कीलची (कील म्हणजे तळाखालचा जड पंख), रात्री मुक्काम करता येईल अशी आणि अधूनमधून शर्यतीतही उतरवता येईल अशी बोट मुंबईच्या बंदरातच राहणार, आणि तिचा मालक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, कसारा घाटाच्या वर, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास लांब राहणार. अशा मालकासाठी सोय म्हणजे काय आणि वेग म्हणजे काय, याचा हिशेब कुलाब्यात राहणाऱ्या मालकापेक्षा वेगळा निघतो, आणि हा लेख त्या हिशेबाचा आहे.

आम्ही चौघांनी मिळून पहिली बोट घेतली तेव्हा हा हिशेब केला नव्हता. माझा अंबडला कारखाना आहे, एकाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, एक डॉक्टर आहेत आणि एक निवृत्त झालेले प्राध्यापक. अठ्ठावीस फुटांची, हलकी, शर्यतीसाठीच घडवलेली जुनी बोट स्वस्तात मिळत होती, तिचा वेग पाहून सगळेच हरखलो आणि विसार देऊन मोकळे झालो. ती बोट नीट चालवायला सहा माणसे लागत. आमच्याकडे चार होती, तीही कागदावर.

आधी दिवस मोजावेत, मग फूट

मुंबईच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो, कारण जूनच्या तोंडावर बोटी पाण्याबाहेर काढाव्या लागतात किंवा आडोशाला हलवाव्या लागतात. आठ महिने म्हणजे चौतीस-पस्तीस आठवडे, हे ऐकायला भरपूर वाटते. पण बागायतदार भागीदाराची गोडी छाटणी ऑक्टोबरात येते, माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो आणि खरड छाटणी एप्रिलमध्ये असते. म्हणजे समुद्राचा उत्तम काळ आणि बागेचा कसोटीचा काळ एकच. डॉक्टरांचे रविवार रुग्णांच्या हाती असतात. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मी वही काढून पाहिली, तर आठ महिन्यांत बोट अकरा वेळा निघाली होती. त्यांत शर्यती तीन, बाकी सहली, आणि त्या आठ सहलींपैकी पाचांत बोटीवर आम्ही फक्त दोघे होतो.

बोट शोधण्याआधी प्रत्येकाने अशी वही घालावी. ज्याने अजून बोट घेतलेली नाही त्याने इतरांच्या बोटीवर एक पूर्ण हंगाम पडेल ते काम करावे आणि स्वतःला खरोखर किती शनिवार-रविवार मिळाले ते लिहून ठेवावे. त्यातून तीन आकडे हवेत: शर्यतीचे दिवस, एका दिवसाच्या सहली आणि बोटीवर झोपण्याच्या रात्री. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे एरवी बोटीवर येणारी माणसे. शर्यतीच्या दिवशी उत्साही तरुण मंडळी उसनी मिळतात, त्यांची चिंता करू नये. परतीच्या दिवशी, ऊन उतरताना, दोरावर हात टाकायला किती जण उरतात त्यावर बोटीचा आकार ठरवावा. आमचे उत्तर "दोन" असे आले आणि त्या एका आकड्याने यादीतल्या निम्म्या बोटी कापल्या.

मांडव्याहून परत येताना

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सोय म्हणजे गादी, फ्रीज, गरम पाणी आणि बर्थची संख्या. मला ही व्याख्या अपुरी वाटते, आणि ती का, हे मांडव्याच्या फेरीवरून सांगता येईल.

हंगामात सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे मंद असतात आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. गेटवेपासून मांडवा दक्षिणेला किंचित पूर्वेकडे, सरळ रेषेत सुमारे साडेसात सागरी मैल. वायव्येच्या वाऱ्यात जाताना वारा पाठीशी असतो आणि कुठलीही बोट गुणी वाटते. येताना तोच वारा तोंडावर असतो. शिडाची बोट थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही, तिला डावे-उजवे टॅक घेत नागमोडी यावे लागते. जी बोट वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन धरून सहा नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालते तिला हे अंतर कापायला सुमारे १०.६ मैल चालावे लागते, म्हणजे पावणेदोन तास. जी बोट रुंद, उथळ कीलची, फुगलेल्या जुन्या शिडांची आहे आणि वाऱ्याच्या पंचावन्न अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही, तिला पाच नॉटने १३ मैल काढायला दोन तास सदतीस मिनिटे लागतात. फरक पाऊण तासाचाच दिसतो. आता यात दीड नॉटची ओहोटी विरुद्ध धरा. पहिली बोट पावणेतीन तासांत येते, दुसरीला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे दुपारी दोनला निघालेली पहिली बोट उजेडात पोचते आणि दुसरी अंधारात, जहाजांच्या वाटेत. त्यानंतर आवराआवर, होडीने धक्क्यावर येणे आणि घाट चढून नाशिक.

दुसऱ्या बोटीवर इंजिन सुरू करता येतेच, आणि बहुतेक क्रूझिंगवाले, म्हणजे सहलीच्या बोटींचे मालक, तेच करतात. पण मग डोलकाठी आणि शिडांचा खर्च कशासाठी केला, हा प्रश्न उरतो. म्हणून वाऱ्यावर चढण्याची ताकद हा शर्यतीचा गुण मी सोयीच्या खात्यात मांडतो. गोव्याला जाऊन येण्याचा विचार असेल तर हा मुद्दा तीसपट मोठा होतो, कारण तो किनारा एका बाजूनेच दोनशेहून अधिक मैलांचा आहे आणि उत्तरेकडची परतीची वाट बहुतांशी वाऱ्याच्या तोंडावर येते.

जवळपास एकाच लांबीच्या तीन बोटी

लांबीवरून बोट ओळखू जाल तर फसाल. जे-१०५, जे-१०९ आणि रस्लर ३६ या तिन्ही बोटी साधारण पस्तीस फुटांच्या. पहिलीचे वजन सुमारे ३,५०० किलो, दुसरीचे सुमारे ४,९५० किलो आणि तिसरीचे सुमारे ७,६०० किलो. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले ते रस्लर ३६ वरच. लांब कील, जड कवच आणि दक्षिण महासागरात भरवसा, असा तिचा स्वभाव आहे. जे-१०५ उलट टोकाची: कवच हलके, आतली जागा बेताची, मंद वाऱ्यातही पळणारी. जे-१०९ मधली, दोन केबिन असलेली आणि तरीही शर्यतीत मान असलेली.

कोणत्याही बोटीचा स्वभाव दोन गुणोत्तरांवरून घरबसल्या ताडता येतो, आणि मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर त्याला पुरतो. पहिले शिडांचे क्षेत्र आणि वजन यांचे गुणोत्तर. वजन किलोत घेऊन १,०२५ ने भागावे, म्हणजे बोट किती घनमीटर पाणी बाजूला सारते ते मिळते. त्या आकड्याचा दोन-तृतीयांश घात काढावा आणि शिडांच्या चौरस मीटर क्षेत्राला त्याने भागावे. जे-१०९ चे उत्तर २१ च्या आसपास येते, जे-१०५ चे साडेतेवीसच्या वर. उत्तर सोळाच्या खाली आले तर बोटीला ढकलायला चांगला वारा हवा, आणि मुंबईची डिसेंबरातली सकाळ तो देत नाही. चोवीसच्या पुढे गेले तर वारा वाढताच शिडे आखडायला तत्पर माणसे हवीत. दोघांनी चालवायच्या, दोन्ही कामांच्या बोटीसाठी मी एकोणीस ते बावीस हा पट्टा धरतो.

दुसरे गुणोत्तर वजन आणि पाणरेषेच्या, म्हणजे बोट पाण्याला टेकते त्या रेषेच्या, लांबीचे. पाणरेषेची लांबी फुटांत घेऊन शंभराने भागावी, तिचा घन करावा आणि वजन लाँग टनांत, म्हणजे १,०१६ किलोच्या हिशेबाने घेऊन त्याला त्या घनाने भागावे. जे-१०५ चे उत्तर १३५, जे-१०९ चे सुमारे १७२, रस्लर ३६ चे जवळजवळ ३८५. आकडा जितका मोठा तितकी बोट लाटेत शांत आणि चालीला संथ. दीडशे ते सव्वादोनशे हा भाग आपल्या कामाचा.

जड बोटीचा जास्तीत जास्त वेग पाणरेषेच्या लांबीवर बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. सत्तावीस फुटांना सात नॉट, साडेतीस फुटांना सात पूर्णांक चार. म्हणून एकूण लांबी सारखी असताना उभट नाळेची (नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक), लांब पाणरेषेची नवी घडण जुन्या लोंबत्या टोकांच्या घडणीपेक्षा वेगवान असते, आणि आतली जागाही जास्त देते. वेग आणि सोय यांचे भांडण नसलेली ही दुर्मिळ जागा आहे.

सुरक्षेचा एक आकडा मात्र सोडू नये. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या, वादळात पंधरा खलाशी गेले आणि कित्येक हलक्या, रुंद बोटी उलट्या झाल्या. त्यानंतरच्या अभ्यासातून एक सोपी चाळणी पुढे आली: बोटीची फुटांतली रुंदी भागिले तिने सारलेल्या घनफूट पाण्याचे घनमूळ. उत्तर दोनपेक्षा जास्त असेल तर ती बोट खुल्या समुद्रात नेण्याआधी दहादा विचार करावा. जोडीला युरोपीय प्रमाणपत्राची श्रेणी पाहावी. बी श्रेणी म्हणजे बोफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर आठपर्यंतचा वारा आणि चार मीटरपर्यंतच्या लाटा, सी म्हणजे सहा आणि दोन मीटर. किनाऱ्याने गोव्यापर्यंत जाणाऱ्याने बी च्या खाली उतरू नये असे माझे मत आहे.

शिडे, डोलकाठी आणि दोन माणसे

डोलकाठीच्या टोकापर्यंत जाणारे मोठे पुढचे शीड असलेली जुन्या धाटणीची बोट टॅक घेताना विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरखीवर, दम काढते. पुढची तार टोकाच्या खाली बांधलेली, मोठे मेनसेल (डोलकाठीमागचे मुख्य शीड) आणि लहान जिब (पुढचे शीड) असलेली रचना दोघांना झेपते, शिवाय मागची तार ताणून मेनसेल चपटे करता येते, म्हणजे वारा वाढला की लगेच शीड उतरवण्याची घाई नाही. जिब गुंडाळीवर असावी. मेनसेल मात्र डोलकाठीत गुंडाळले जाणारे घेऊ नये. त्यात आडव्या बांबूंना, म्हणजे बॅटनना, जागा नसते, शिडाचा आकार जातो आणि वजन उंचावर चढते.

पाठच्या वाऱ्यासाठी पुढे सरकणाऱ्या दांड्यावर लावायचा असममित स्पिनेकर, म्हणजे फुगणारे मोठे हलके शीड, आणि त्याला मोजा, म्हणजे झाकून खाली ओढायची नळी, एवढे पुरे. काठीवर तोलायच्या जुन्या सममित स्पिनेकरला नाळेवर एक कसबी माणूस अडकून पडतो.

पैसे कुठे घालावेत याबद्दल माझे मत ठाम आहे: दोन फूट लांब बोटीऐवजी शिडांचे दोन जोड घ्यावेत. सहलीला डॅक्रॉनचा, म्हणजे विणलेल्या पॉलिस्टरचा जोड, शर्यतीला लॅमिनेटचा, म्हणजे थर चिकटवलेल्या कापडाचा. आपल्या उन्हात शीड उघडे ठेवले तर दोन हंगामांत त्याचा धागा पिचतो, आणि फुगलेल्या शिडाची बोट मांडव्याहून येताना पंचावन्न अंशांवर घसरते, मग ती कोणत्याही नामांकित आरेखकाची असो. तसेच इंजिनाचा पाण्यातला, घडी होणारा पंखा. तीन पात्यांचा स्थिर पंखा शिडावर चालताना अर्ध्या नॉटच्या आसपास वेग खातो. घडीचा पंखा महाग आहे, पण हा वेग वर्षभर मिळतो.

कील आणि खाडी

खोल कील वाऱ्यावर चढते, उथळ कील खाडीत शिरते. पस्तीस फुटी बोटीला शर्यतीची कील दोन मीटरच्या पुढे जाते, क्रूझिंगची दीड ते पावणेदोन मीटर. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे कील अर्ध्या मीटरने कमी असल्याचा फायदा वेळापत्रक पाहणाऱ्याला फारसा नाही. जयगड किंवा विजयदुर्गासारख्या आसऱ्याच्या जागांना पाणी पुरेसे मिळते. मी दोन मीटरपर्यंतची, खाली शिशाचा गोळा असलेली कील निवडेन. एकूण वजनाच्या पस्तीस ते चाळीस टक्के वजन कीलमध्ये असले की बोट कलल्यावर उठते.

आतली जागा कललेल्या बोटीत पाहावी

धक्क्याला स्थिर उभ्या बोटीत सगळ्याच केबिन छान दिसतात. रुंद मोकळा मधला भाग घरी शोभतो, बोट पंचवीस अंश कलली की त्यातून चालताना हात ठेवायला काही सापडत नाही आणि माणूस पलीकडच्या कपाटावर जाऊन आदळतो. पाहणीच्या दिवशी मी आता एकच परीक्षा घेतो: चहा. शेगडी बोटीबरोबर न कलता झुलती राहते का, तिच्यासमोर कंबर टेकायला पट्टा किंवा कडा आहे का, पातेले धरून दुसऱ्या हाताने दूध ओतताना पाय कुठे रोवायचे, आणि उकळी आली तर ती अंगावर येते की भिंतीवर. आमच्या पहिल्या बोटीत शेगडी आडवी बसवली होती. तिथे प्राध्यापकांच्या मांडीवर अख्खे आधण सांडले, आणि तेव्हापासून ते थर्मास घेऊन येऊ लागले.

बर्थ दोनच चांगले हवेत, आणि तेही मधल्या भागात, कडेला कापडी आड लावता येतील असे. नाळेतला त्रिकोणी पलंग नांगरावर असतानाच कामाचा, चालत्या बोटीत तिथे झोप येत नाही. वजन हा इथला खरा शत्रू आहे. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. आठ मिलिमीटरची पन्नास मीटर साखळी म्हणजे सत्तर किलो, तेही थेट नाळेत, जिथे ते बोटीला लाटेवर डुचमळवते. टाक्या मध्यभागी असाव्यात आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी साखळी उचलून डोलकाठीपाशी ठेवता यावी. लाकडी डेक देखणा असतो, पण आपल्या उन्हात तापतो, गळतो आणि वजन वर ठेवतो. मी तो नसलेली बोट पसंत करीन.

जुनी बोट तपासताना

आपल्याकडे बहुतेकांना जुनीच बोट परवडते, त्यामुळे सर्वेक्षकाचे पैसे वाचवू नयेत आणि तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. तरीही आधी स्वतः पाहावे. प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन डेकवर वीत-वीत अंतराने टकटक करत जावे. कोरडा डेक खणखणीत वाजतो. ज्या जागी बाल्सा लाकडाच्या गाभ्यात पाणी शिरले आहे तिथे आवाज अचानक बसका, भिजल्या पुठ्ठ्यासारखा येतो. आमच्या बोटीवर तो कठड्याच्या दोन खांबांपाशी आला. आम्ही ऐकला, एकमेकांकडे पाहिले आणि विक्रेत्याच्या "एवढे चालते" या वाक्यावर विश्वास ठेवला. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे पाय ठेवला की डेक दबत असे, आणि दुरुस्तीला बोटीच्या किमतीचा चौथा हिस्सा लागला.

कीलच्या सांध्यावर त्याहून बारीक लक्ष द्यावे. बोट पाण्याबाहेर असताना कील आणि तळ यांच्या जोडावर पुढच्या बाजूला गंजाची रेघ किंवा उघडलेली फट दिसते का, आतून तळाला बळ देणाऱ्या जाळीला भेगा आहेत का, बोट कधी खडकाला घासली होती का, हे लेखी विचारावे. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची चाळीस फुटी बोट अटलांटिकात कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. तपासात आधीच्या तळ लागण्याच्या घटनांनी आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी जोड कमकुवत झाला असावा अशी शक्यता पुढे आली. शर्यतीची बोट किनारा कापत चालवली जाते, म्हणून तिच्याबाबतीत हा प्रश्न आणखी खोदून विचारावा.

डोलकाठीच्या तारांचे वय दहा-बारा वर्षांपुढे गेले असेल तर बदलीचा खर्च किमतीतून वजा मागावा. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, गेल्यावर आधीच गरम केलेले आढळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. नोंदणी, विमा आणि बोट नांगरण्याच्या जागेचे कागद मूळ पाहावेत, आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी व्यवहाराआधी करावी.

शर्यतीबद्दल थोडे. वेगवेगळ्या बोटींची शर्यत गुणांकावर चालते. आयआरसी पद्धतीत लागलेल्या वेळेला बोटीच्या गुणांकाने गुणतात. ०.९५० गुणांकाच्या बोटीला चार तास लागले तर तिचा वेळ २२८ मिनिटे धरतात. म्हणजे मधल्या स्वभावाची बोटही जिंकू शकते. पण गुणांक तुमच्या फाटक्या शिडांची किंवा तळाला चिकटलेल्या बार्नॅकलची दया करत नाही. आपल्या उबदार पाण्यात तळ काही आठवड्यांत खरबरीत होतो, आणि नाशिकला बसून तो घासता येत नाही. म्हणून शर्यतीआधी तळ साफ करणारा विश्वासू पाणबुड्या आणि आठवड्यातून एकदा बोटीवर जाणारा तांडेल यांचा पगार वार्षिक खर्चात आधीच धरावा.

शेवटचे काम चाचणीची फेरी. विक्रेता सकाळी बोलावतो, कारण सकाळी समुद्र शांत असतो. आपण रविवारी दुपारी तीनची वेळ मागावी, ओहोटी लागलेली असताना, आणि सोबत एकच माणूस न्यावा. विक्रेत्याला कॉकपिटात स्वस्थ बसवून दोघांनीच शिडे चढवावीत, मांडव्याच्या दिशेने अर्धा तास जावे, वळावे आणि इंजिन न लावता परत यावे. कंपासवर डावा आणि उजवा टॅक यांच्यातला कोन वाचावा, तो पंचाण्णव अंशांच्या आत यावा. एकाने सुकाणू धरले असताना दुसऱ्याने मेनसेल एका टप्प्याने आखडावे आणि त्याला किती मिनिटे लागली ते पाहावे. मग खाली जाऊन चहा करावा. विसाराचे बोलणे त्यानंतर.